शेवट उद्या

आमच्या दाजींच्या आयुष्यात साधी घटना म्हणून कधी काही घडलंच नाही. जे घडलं त्याला कथानक होतं, पात्रं होती, वातावरण होतं, आणि ते सांगायला कुणी आलं असेल तर दाजी आधी त्याची उलटतपासणी घेत. माझ्या मोठ्या बहिणीचे हे यजमान नाशकातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. कथा शिकवायला घेण्याआधी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत: कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष, निवेदक, शेवट. पोरं परीक्षा झाली की हे शब्द विसरून मोकळी होत. दाजी मात्र तेच शब्द घेऊन भाजी आणायला जात, लग्नकार्यात मिरवत आणि आजाऱ्याला भेटायलाही जात.

घरात कुणी कुणाची कागाळी घेऊन आलं की दाजींचा पहिला प्रश्न ठरलेला. "निवेदक कोण? तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?" निम्म्या कागाळ्या तिथंच गळून पडत. माझ्या मुलीला बघायला कळवणचं स्थळ आलं तेव्हा पोहे संपेपर्यंत दाजी मुलाला न्याहाळत गप्प बसले, आणि पाहुणे चपला घालत असताना मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं, पण पात्र सपाट आहे." मुलाच्या आईनं ते ऐकलं. लग्न मोडता मोडता राहिलं. पुढं त्याच जावयानं माझ्या आजारपणात रोज सकाळी भाकरी थापून डबा आणला, तेव्हा दाजींनी भर पंगतीत जाहीर केलं, "मी शब्द मागं घेतो. पात्राचा विकास झाला आहे."

एकदा नाशकातल्याच द्वारका चौकात आमची रिक्षा अडकली. लासलगावहून कांदा घेऊन आलेला ट्रक आणि एक टेम्पो समोरासमोर आलेले, दोघांचे ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या अंगावर जात होते. मागं हॉर्नचा नुसता गदारोळ. ताई म्हणत होती, गप बसा. पण दाजी उतरलेच. त्यांनी त्या दोघांना समजावलं की हा संघर्ष नव्हे, हे नुसतं भांडण आहे. संघर्षात प्रत्येकाला मनापासून काहीतरी हवं असावं लागतं. ट्रकवाला म्हणाला, "ओ काका, आमाला दोघांलाबी रस्ताच पायजे ना! लय टाइम झाला!" दाजींनी क्षणभर विचार केला. "मग आहे संघर्ष. चालू द्या," म्हणाले आणि रिक्षात येऊन बसले.

पण त्यांचा खरा हट्ट शेवटाचा होता. वर्गात कुठलीही कथा ते शेवटच्या पानाच्या अलीकडं थांबवत आणि पुस्तक मिटून म्हणत, "शेवट उद्या." घरीही तेच. संध्याकाळी ताई मेथी निवडायला बसली की दाजी तिला कथा वाचून दाखवत, आणि ऐन मोक्याला पुस्तक बंद. "अहो, जीव टांगणीला लावता माझा!" ती चिडायची. "शेवट कळला की गोष्ट गेली," दाजी शांतपणे सांगायचे. "राहू दे एक रात्र तुझ्यापाशी." मग सकाळी चहाबरोबर शेवट मिळायचा. लग्न झाल्यापासून त्या घरात हे असंच चालू होतं.

गेल्या वर्षी ताईला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता. दाजींनी तेव्हा एक लांबलचक कथा वाचायला घेतली. धरणात गाव गेलेली एक बाई उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर आपलं घर शोधायला निघते, अशी. ती बाई वेशीच्या दगडापर्यंत आली की दाजी पुस्तक मिटत आणि दुसऱ्या दिवशी, "कालचं विसरली असशील," म्हणत पुन्हा मागून सुरुवात करत. त्या बिचारीला त्यांनी उतारावरून किती वेळा परत वर नेलं! ताईला आता फार वेळ जागं राहवत नव्हतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "दाजी, संपवा ना. तिला ऐकायचंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "शेवट उद्या," म्हणाले.

तेव्हा ताईच बोलली. "अहो, इकडं या. शेवट मला माहीत आहे."

"कुणी सांगितला?"

"मीच वाचला, घरी आले त्याच दुपारी. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. आणि याचाच नाही, सगळ्याच गोष्टींचे. तुम्ही कॉलेजात गेलात की मी दुपारी शेवट वाचून ठेवायचे. मला नाही राहवत."

दाजींनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. "मग रोज चिडायचीस ती?"

"तुम्हाला बरं वाटायचं म्हणून." ती दमून थोडं थांबली. "आता वाचा. तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"इतकी वर्षं मला वाटायचं," दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "या घरातला सर्वज्ञ निवेदक मी आहे." मग त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि वाचलं. ती बाई वेस ओलांडते, चिखलातून आपला उंबरा शोधून काढते, पदरानं पुसते आणि त्यावर बसते. एवढाच शेवट होता. ताईनं डोळे मिटून तो ऐकला आणि "छान आहे," म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी ताईला आदरांजली वाहायला दाजींचे कितीतरी जुने विद्यार्थी आले होते. सर बोलतील म्हणून सगळे थांबले. दाजी उभे राहिले. "ती फार छान ऐकायची," एवढंच म्हणाले आणि बसले.

परवा दुपारी मी सहज त्यांच्याकडं गेले, तर दाजी ताईच्या खुर्चीत बसून नवीन पुस्तकाचं शेवटचं पान वाचत होते. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. "दाजी, तुम्ही? शेवट आधी?"

त्यांनी चोरी पकडल्यासारखं पुस्तक मिटलं, पण बोट पानातच होतं.

"तिचं बरोबर होतं गं," ते म्हणाले. "शेवट आधी कळला तरी गोष्ट जात नाही."

मग त्यांनी पहिलं पान काढलं, मला बस म्हणाले आणि मोठ्यानं वाचायला लागले.