डाळिंबी ओढणीचा सरदार

आता तुम्हीच सांगा, माणसानं संतापू नये तर काय करावं? पण मी संतापलो तो हातात माईक असताना. भर सभेत!

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मुलगी मुक्ता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांच्या वार्षिक संमेलनाला घरच्यांनाही आमंत्रण होतं. यंदा साहेबांनी घाट घातला युरोपातल्या जुन्या भालाझुंजीचा. चिलखत घातलेले दोन सरदार समोरासमोर घोडे पिटाळतात आणि एकमेकांना भाल्यानं पाडतात, ती झुंज. प्रबोधनकाळातल्या चित्रांत तिचा थाट काय वर्णावा! त्या थाटातल्या खुणांचे अर्थ सांगायला मला उभं केलं.

बघतो तर काय, घोडे म्हणजे चादरी पांघरलेल्या सायकली! चिलखतं चंदेरी पुठ्ठ्याची. ढालीवर सिंह हवा, गरुड हवा, तर कंपनीचा लोगो! अहो, ढालीवरची खूण म्हणजे घराण्याची अब्रू. तिथंच माझं डोकं तापलं.

तरी बोललो. "चित्रातल्या सरदाराच्या अंगावर एखाद्या स्त्रीचं वस्त्र दिसलं, की समजावं, हा तिच्यासाठी लढतोय. आपलं प्रेम त्यानं जगजाहीर केलंय!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात पहिला सरदार सायकलवरून आला, आणि त्याच्या शिरस्त्राणाला आमच्या घरची डाळिंबी ओढणी!

हो, तीच! मुक्ता रोज तोंडाला गुंडाळून स्कूटरवरून जाते ती. पुण्यातल्या पोरींचे चेहरे दिसत नाहीत, बापाला ओढणीच ओळखावी लागते. रविवारी मुक्ताला बघायला मंडळी येणार, मी सगळ्यांना शब्द देऊन बसलेलो, आणि इथं हा परस्पर कारभार?

असेल योगायोग, म्हटलं. तर त्या पोरानं सायकल थेट मुक्ता आणि तिची आई बसल्या होत्या तिथं थांबवली. भाला झुकवला. मान लववली. मुक्ता खुदकन हसली! चित्रांत अगदी असंच असतं हो. आणखी काय पुरावा हवा?

"थांबवा ती सायकल!" मी माईकवर ओरडलो. "काय रे, मुलीच्या बापाला विचारायची काही पद्धत? आमच्या घरची ओढणी मिरवतोस? चारचौघांत प्रेम जाहीर करतोस?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

पोरानं शिरस्त्राण काढलं. घामाघूम झाला होता बिचारा. "काका, हे ढिलं होतं, सारखं डोळ्यांवर येत होतं. या काकूंनी ओढणी दिली, घट्ट बांध म्हणाल्या. मी फक्त थँक्यू म्हणायला थांबलो."

"साफ खोटं! ओढणी मुक्ताची आहे!"

"बाबा, ओढणी आईची आहे," मुक्ता दातओठ खात म्हणाली. "एसीत कान बांधायला आणली होती तिनं. मी ती रोज ढापते, एवढंच. आणि याचं नावसुद्धा मला माहीत नाही!"

आता गप्प बसावं ना मी? छे! रागाच्या भरात म्हणालो, "कुणाची का असेना! मी सांगितलेला अर्थ बदलत नाही!"

सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि काय हशा उसळला म्हणता!

आमची ही शांतपणे उठली. पदर सावरला, माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि त्या पोराला म्हणाली,

"जिंकून ये हो बाळा. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कुणी साधी सायकलसुद्धा दामटली नाही."