अडीच फुटांच्या दारातून ज्येष्ठा

मुलुंडला मी ज्यांच्या पोटमाळ्यावर राहतो, ते लवूकाका पूर्वी फाउंड्रीत लाकडी साचे बनवायचे. चाळीस वर्षांत साचा एका सुतानेही चुकला नाही, असं ते सांगतात. त्यावर रुक्मिणीकाकी म्हणतात, "संसारात कधी पट्टी लावल्यानी नाय." फाउंड्री बंद पडली तसे काका शाळांची मॉडेलं करू लागले. आता मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशननंतर हत्यार धरायचं नाही, असं काकींनी ठरवून टाकलंय. म्हणजे ज्येष्ठा ताऱ्याचं मॉडेल हे शेवटचं काम.

शर्मिष्ठाबाईंच्या शाळेत उद्या विज्ञान प्रदर्शन. माहिती मी पुरवली. मंगळवेढ्याची का होईना, बारावी सायन्स आहे. "ज्येष्ठा सूर्याच्या सातशे पट रुंद, पण सूर्यापेक्षा थंड, म्हणून तांबडा. आणि असा फुगलेला, की आपल्या हवेपेक्षाही विरळ."

"म्हणजे तुझ्यासारखो," काका म्हणाले.

सूर्य म्हणून त्यांनी मोहरीचा दाणा घेतला. ज्येष्ठासाठी आकाशकंदिलासारख्या बांबूच्या कामट्या, वर तांबडा पतंगी कागद. आठ दिवस डोळ्याला भिंग लावून बसले. मधेच भिंग ठेवून नुसतेच बसून राहायचे. गोळा भरला साडेचार फूट. दार अडीच. काकांनी जन्मभर कंदील बांधले ते गावच्या अंगणात, तिथे दाराचा संबंध नाही. आणि बारावी सायन्सनेही दार मोजलं नव्हतं.

बाई टेम्पो घेऊन आल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, दुसरा छोटा करा ना! पोरं काय टेप लावणारेत?"

"लावूंदेत." काका स्टुलावर टेकले. "नवीन करूक आता डोळे नाय. आणि माप मी बदलूचंय नाय."

त्यांनी करवत मागितली. आठ दिवसांचं काम मधोमध कापलं. पहिला अर्धा उभा धरून, चौकटीला घासत कसाबसा बाहेर काढला. दुसरा काढताना गाठी सुटल्या, कामट्या माझ्या हातात आल्या आणि कागद टरकला.

बाई हळूच म्हणाल्या, "एकच नेऊ?"

"न्या. भिंतीक टेकवून ठेवा. रुंदी तीच रवता."

टेम्पो गेला. मी विचारलं, "उद्या बघायला येणार ना?"

"नको रे. धड दिसाचा नाय. दिसला, तर चुकीच दिसतली."

आणि त्या कागदाच्या तुकड्यांतच, भिंतीला पाठ लावून, भर दुपारी झोपले. काकींनी झाडायला आणलेली केरसुणी परत ठेवली.