खाडीच्या तोंडावरून माघारी

मैत्रिणींनो, आत्ताच पलूसला घरी पोचलेय आणि डोकं नुसतं तापलंय.

आज दाभोळच्या खाडीतून छोट्या होडीनं समुद्रात जायचं ठरलं होतं. नदी आमची रोजचीच, पण पलीकडचा काठच दिसत नाही असं पाणी मला एकदा मधोमध बसून बघायचं होतं.

खाडीचं तोंड आलं, होडी जराशी डुलायला लागली आणि आमच्या ह्यांनी अंगातलं लाईफ जॅकेट काढून टाकलं. म्हणे व्हिडिओत बरं दिसत नाही!

होडीवाले मामा म्हणाले, "घाला ते. इथून पुढं समुद्र आहे."

"आवं मामा, कृष्णेच्या म्हापुरात होडी वल्हवलीया म्या. मला काय व्हतंय?"

"अहो, घाला की!" मी दोनदा म्हटलं. ऐकतील तर शपथ.

मामांनी सरळ होडी माघारी वळवली. समुद्र समोर होता, अगदी शांत. मी मान वळवून बघत राहिले.

आत्ता अंगणात हे दिरांना सांगतायत, "समुद्र लय खवळला व्हता रं. ही भ्याली, म्हणून माघारी आलो."

माझा पदरसुद्धा भिजलेला नाही, बायांनो!

मी परत जाणार आहे, ह्यांना घरी ठेवून. कोण येतंय?