बिट्टूच्या पेटीतली रांगोळी

शालिनी बर्गे म्हणजे आमच्या दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समधली सगळ्यात हट्टी बाई. तीन वर्षं तिची शेजारीण आहे, म्हणून अधिकारानं सांगते. नवरा मल्हारी फौजेत सुभेदार. बदली कुठेही होवो, नव्या क्वार्टरचं कुलूप उघडलं की ही आधी उंबऱ्यापुढे रांगोळी काढणार, मगच ट्रकमधलं सामान उतरू देणार. दिल्लीची रांगोळी तिला चालत नाही. साताऱ्याहून पांढरीशुभ्र रांगोळी डबा भरून आणते, आणि त्यातली चिमूटभर मला द्यायची झाली तरी तिचा हात आखडतो.

तिची मुलगी शिवांजली शिकायला पुण्याला गेली आणि जाताना बिट्टूला आईच्या गळ्यात मारून गेली. बिट्टू म्हणजे लेपर्ड गेको. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, वीतभर लांब. शालिनीच्या भाषेत पाल, आणि पालीची तिला शिसारी. त्याच्या खायच्या अळ्या ती लांबूनच, चिमट्यानं धरून द्यायची.

प्लास्टिकचा खोका लहान पडू लागला, म्हणून मल्हारीभाऊजींनी करोल बागेतून काचेची मोठी पेटी आणली. तळाशी काय अंथरायचं ते शिवांजलीनं चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं: फक्त साधा कागद. पण नव्या घरात कुणी कागदावर राहायचं, हे शालिनीला पटेना. तिनं डब्यातली अर्धी रांगोळी पेटीत पसरली. मला कौतुकानं दाखवायला बोलावलं, आणि मी शहाणी, छान दिसतंय म्हणाले. त्याची टोचणी मला अजून आहे.

आठवड्याभरात बिट्टूनं खाणं सोडलं. शी बंद झाली, पोट टम्म फुगलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर पोटात पांढरा गोळा. अळी पकडताना जिभेला लागलेली रांगोळी पोटात जाऊन साचली होती.

डॉक्टर म्हणाले, "कागज़ पर रखिए, रोज़ गुनगुने पानी में बिठाइए. पाँच दिन में नहीं निकला तो पेट खोलना पड़ेगा. इतना छोटा जानवर है, भरोसा नहीं दे सकता."

पेटी घासूनपुसून शालिनीनं तळाशी कागद घातला. सकाळ-संध्याकाळ वाडग्यात कोमट पाणी घेऊन ती त्याला त्यात धरून बसायची. उघड्या हातानं, चिमटा कुठल्या कुठे गेला. दर तासाला कागद बघायची. तो कोराच असायचा. जेवण तिला जात नव्हतं. शिवांजलीचा व्हिडिओ कॉल आला की बिट्टू झोपलाय म्हणायची आणि फोन घाईनं ठेवायची. खरं सांगून टाक, असं मी दोनदा रागावून म्हणाले.

"काय सांगू?" ती म्हणाली. "तिनं एकच गोष्ट लिहून दिली होती, तेवढीही मला पाळता आली नाही."

चौथ्या दिवशी बिट्टूनं मान वर उचलली नाही. त्याला काही झालं तर ही बाई सावरायची नाही, अशी मला भीती वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझं दार वाजलं. दारात शालिनी, हातात चुरगळलेला कागद. त्यावर शी, आणि तिच्यात पांढरी कचकच. उंबऱ्यावर धुळीचा कण खपवून न घेणारी ती बाई तो कागद दोन्ही हातांनी धरून रडत होती.

तिथूनच तिनं शिवांजलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पाच दिवसांच्या थापांसकट. पोरगी भडकलीच.

"आई, लिहून ठेवलं होतं ना मी? रांगोळी कशाला घातलीस, यार?"

"नवं घर होतं गं त्याचं."

शिवांजलीनं सात शाळा बदलल्या आहेत. प्रत्येक बदलीला ती रडली आहे, आणि प्रत्येक वेळी रडतरडत आईच्या रांगोळीवरून पाय उचलून नव्या घरात गेली आहे.

"रांगोळी काढ, पण पेटीच्या बाहेर," ती म्हणाली. "दारापुढे. माझ्यासाठी काढायचीस तशी."