मावशींचं नाक

कारखान्यात सगळ्या त्यांना मावशी म्हणत. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि चौदा बायका. सेंट नाही, रसायन नाही. लाकडाचा भुसा, वाळा, लवंग, डिंक आणि पाणी, एवढ्यावर उदबत्ती. मालक कुणी नव्हता, सगळं एकत्र बसून ठरायचं. मिश्रण मात्र बावीस वर्षं मावशींच्याच हातचं. गोळा मळून त्या नाकाशी नेत आणि काय कमी पडलं ते सांगत. त्यावर कुणी वाद घालत नसे.

एका तापात मावशींना वास येणंच बंद झालं. ताप उतरला, पण लवंग चुरली तरी नाकाला पत्ता नाही. महिनाभर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, अंदाजानं मळत राहिल्या. मग एक घाणा असा निघाला, की उदबत्ती पेटवल्यावर शेजारी कामाला बसणाऱ्या त्यांच्या धाकट्या जावेनं विचारलं, दूध करपलंय का. मावशींनी हात धुतले आणि सगळं सांगून टाकलं. उद्यापासून मी पुड्या बांधते, असंही म्हणाल्या.

बैठक बसली. कृती मापानं लिहून ठेवू, असं एकीनं सुचवलं. पण भुसा दर खेपेला वेगळा, तिथं माप काय करणार? शेवटी जाऊच म्हणाली, "हात ताईंचेच राहू देत. नाक भाऊजींचं घेऊ."

भाऊजी म्हणजे मावशींचे यजमान, निवृत्त बसड्रायव्हर. बायकोच्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून जन्मभर कुरकुर केलेला माणूस. पण नाक असं तिखट, की चार घरांपलीकडे काय शिजतंय ते सांगत.

ते आले आणि पाहुण्यासारखे अवघडून बसले. पहिला गोळा हुंगून म्हणाले, ओल्या गोणपाटासारखा येतोय. मावशींना राग आला. भाऊजींनी पुन्हा वास घेतला आणि हळूच म्हणाले, "तुझा असा नसायचा. तुझ्यात लवंग मागून यायची."

मावशी बघतच राहिल्या. इतकी वर्षं या माणसाचं लक्ष होतं तर. त्यांनी गोळा परत मळायला घेतला. चौथ्या खेपेला यजमानांनी मान डोलावली.

तेव्हापासून ते रोज सकाळी येतात, वास घेतात, चहा घेतात आणि कुणी न विचारता सल्ले देतात. वर्षभरानं मळता मळता मावशींना लवंग पुसटशी जाणवली. महिन्याभरात नाक बरंचसं परतलं. त्यांनी जावेच्या कानात सांगितलं. भाऊजींना कधी सांगणार, असं तिनं विचारलं.

"कशाला? घरी बसून माझं डोकं खातील," मावशी म्हणाल्या आणि गोळा नवऱ्यापुढे धरला.

डोळे मिटून त्यांनी वास घेतला. भुसा जरा जास्त झालाय, म्हणाले. मावशींनाही तेच वाटलं होतं.