गल्लीतला पोकळ डबा

तिला सगळी गल्ली चौकशीबाई म्हणायची. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत तिची उमेदीची वर्षं गेली होती. गाडी का सुटली नाही हे ती चिडलेल्या माणसालाही न चिडता सांगायची. घरी मात्र राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तिला खिडकी सोडावी लागली.

आता घरबसल्या काम मिळालं होतं. एका दवाखान्याचे फोन घ्यायचे आणि रुग्णांना भेटीची वेळ द्यायची. अट एकच, घरात नेटची पक्की लाइन हवी. आज दुपारी हजर व्हायचं, नाही जमलं तर काम दुसरीला.

लाइन येणार होती ती रस्त्यापलीकडच्या इनोव्हेशन डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे नव्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या वसाहतीच्या, कृपेने. तिथे काचेच्या इमारती उठल्या तेव्हा पालिका आणि एक खाजगी कंपनी यांनी भागीदारी केली. पालिकेने रस्ते फुकट खोदू द्यायचे, कंपनीने जमिनीखालून नेटची फायबर तार टाकायची आणि त्या बदल्यात शेजारच्या जुन्या गल्ल्यांनाही नेट द्यायचं. कागदावर झकास! प्रत्यक्षात काचवाल्यांना दोन-दोन लाइनी मिळाल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. गल्लीला मिळाला वर्षभराचा खड्डा आणि खांबावर एक करडा डबा, त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. डबा तिच्या नवऱ्यानेच टांगला होता. तो त्याच कंपनीत फायबरचे सांधे जोडायचा, त्यामुळे तिचा त्या डब्यावर जरा जास्तच विश्वास होता.

आज सकाळी उद्घाटनाला पालिकेचे साहेब आले, कंपनीचा मॅनेजर आला. गल्लीतर्फे बोलायला चौकशीबाईलाच पुढे केलं. दारात लॅपटॉप उघडून ती पलीकडच्या इमारतीतल्या कुणाशी तरी पडद्यावर बोलली. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. टाळ्या पडल्या. तिने सगळ्यांदेखत कंपनीचे आभार मानले, आणि तेही अगदी मनापासून. पुढे तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

साहेब गेल्यावर ती आत जाऊन कामावर हजर झाली. पहिलाच फोन एका बाईचा होता. ती बाई मुलाचं दुखणं सांगत होती तोच आवाज तुटायला लागला आणि मग बंदच पडला. चौकशीबाईने मागच्या खिडकीतून पाहिलं. घरामागे कंपनीची गाडी उभी होती, तिच्या टपावरची डिशसारखी तबकडी ड्रायव्हर खाली घेत होता. शेजारी नवरा मान खाली घालून उभा होता.

तिने बाहेर जाऊन त्यालाच धरलं.

"डब्यात तार नाही," तो म्हणाला. "नुसता दिवा आहे. नेट या गाडीतून येत होतं."

आत्ता टांग, तार पंधरा दिवसांत येते, असं मॅनेजरने सांगितलं म्हणून त्याने डबा टांगला होता. तार आली नाही आणि बायकोला सांगायची त्याची छाती झाली नाही.

चौकशीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्यांनी फसवलं ते फसवलं, पण घरचा माणूसही त्यांच्यात सामील! ती घरात गेली, खुर्ची आणि लॅपटॉप उचलून आणला आणि गाडीच्या पुढ्यात ठाण मांडून बसली. मॅनेजर धावत आला. गाडी लगेच पुढच्या गल्लीत न्यायची होती, तिथेही उद्घाटन होतं.

"त्या गल्लीवाल्यांनाच इकडे बोलवा," ती म्हणाली. "डब्यात काय आहे ते त्यांनाही दाखवू. तबकडी वर करा. लाइन येईपर्यंत गाडी हलणार नाही."

खिडकीतून सासूबाईंनी अंथरुणावरूनच ओरडून सांगितलं की सुनेला कुणी हात तर लावून बघा. मॅनेजर नवऱ्याकडे वळला आणि बायकोला उठव, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं त्याने बजावलं.

नवऱ्याने गाडीवरची शिडी काढली. मॅनेजरला वाटलं, स्वारी वठणीवर आली. पण तो शिडी घेऊन सरळ खांबाकडे गेला, डबा उतरवला आणि जमलेल्या गल्लीसमोर उघडला. आत एक बॅटरी आणि एक दिवा. तो डबा त्याने मॅनेजरच्या हातात दिला आणि येऊन बायकोच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. एकेक करून शेजारीही बसले. ड्रायव्हरने गर्दीकडे पाहिलं आणि मुकाट्याने तबकडी वर केली.

लॅपटॉपवर फोन वाजला. नवऱ्याकडे न बघता चौकशीबाई म्हणाली, "तुमच्याशी घरी बोलते," आणि तिने फोन घेतला.