मोठी डोलकाठी तोडली तो दिवस

आमची फत्तेमारी, शिडाचं मालवाहू जहाज, आजोबांनी बांधून घेतली तेव्हा माझे वडीलही जन्मले नव्हते. लाकूड मलबारी साग, सुतार मात्र आमच्याच खाडीवरचे. ऐन उमेदीत ती मस्कतला जाऊन खजूर आणायची. मी तिच्यावर चढलो ते एकोणीसशे तीसच्या सुमारास. तोवर चांगला माल आगबोटींकडे गेला होता. आमच्याकडे उरली मंगळुरी कौलं. चुलते तांडेल, म्हणजे जहाजाचे प्रमुख होते. मी चोवीस वर्षांचा, बहुधा सुकाणूवर.

मे महिन्याच्या अखेरची खेप होती. मालवण मागे पडलं आणि दक्षिणेकडून वारा उठला. रत्नागिरीचा दीपस्तंभ दिसला, पण बंदरात शिरता येईना. लाटा पुढेच रेटत होत्या. गणपतीपुळ्यासमोर कौलं एका अंगाला सरकली. जहाज कललं, ते सरळ होईना.

चुलत्यांनी कुऱ्हाड मागितली.

"काका, एवढी डोल परत कुठून आणायची?" मी ओरडलो.

"ते मागाहून बघू. माणसं घरी पोचायला हवीत."

ती डोलकाठी आजोबांनी स्वतः रानात फिरून निवडली होती. पहिला घाव चुलत्यांनीच घातला. काही वेळानं ती कडाडली आणि दोरखंडांसकट पाण्यात गेली. जहाज हळूहळू सावरलं. मागच्या लहान डोलकाठीवरचं शीड अर्धं उघडून आम्ही जयगडच्या खाडीत शिरलो. सात माणसं होतो, सातही उतरलो. किनाऱ्यावरच्या एका घरी चुलत्यांनी भात मागितला आणि दोनदा वाढून घेतला.

पावसाळाभर फत्तेमारी तिथल्याच चिखलात राहिली. दसऱ्यानंतर सुतारानं बूड ठोकून पाहिलं. "नवी डोल बसवा, अजून पुष्कळ वर्षं चालेल," तो म्हणाला.

"चालेल, पण भरू काय तिच्यात?" चुलते म्हणाले. "सोडव फळ्या."

मी भांडलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच हातोडा घेऊन निघाले, तेव्हा मीही गेलो. बऱ्याच फळ्या मालगुंडच्या मच्छीमारांच्या होड्यांना लागल्या.

पुढं मी आगबोटीवर नोकरी धरली. पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा चुलत्यांनी विचारलं, "सुकाणू देतात का?"

"नाही. भट्टीत कोळसा टाकतो."

"उकडत असेल," ते म्हणाले, आणि आत ताक आणायला सांगितलं.